खरी निघाली तर पंचाईत

कोकणातल्या जुन्या घरात भिंतीवर बंदूक दिसली तर ती कुठल्या सालची, हे यजमानांना विचारू नये. विचारलंत तर शेवटची एसटी चुकते. रत्नागिरीच्या आसपास, म्हणजे पावस, बसणी, नेवरे, खाली लांजा-राजापूरपर्यंत, घरटी नसली तरी अधूनमधून एखाद्या माजघरात लांब नळीची बंदूक असतेच. आणि ती एकतर सत्तावनच्या बंडातली असते, किंवा थिबाराजाची असते, किंवा आजोबांनी बसऱ्याहून आणलेली असते. चौथा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. 'ही आमच्या आजोबांनी मुंबईच्या दुकानातून रोख पैसे मोजून, पावती घेऊन आणली' असं सांगणारा गृहस्थ या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

मला मात्र विचारावंच लागतं. जुन्या लष्करी बंदुकांवरचे शिक्के वाचण्याचा मला नाद आहे आणि घरात एक बरं भिंग आहे. एवढ्या भांडवलावर पुण्यात माणूस श्रोत्यांतसुद्धा मागे बसतो, इथे तो तज्ज्ञ होतो. मग निरोप येतो : "तेवढं एकदा येऊन बघून जा. आणि साधारण किती येतील तेही सांग." निरोपाचा पहिला भाग इतिहासप्रेमाचा असतो. बोलावणं दुसऱ्या भागासाठी असतं.

या तीन वंशावळींपैकी थिबाराजाची निकालात काढायला सगळ्यात सोपी. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवलं, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं तो आमचा पाहुणा होता, पण पाहुणा होता सरकारी कैदी. ज्याचं राज्य काढून घेतलं त्याच्याच हातात बंदूक देण्याइतकं इंग्रज सरकार भाबडं नव्हतं. पैशांची ओढाताण झाली तेव्हा राजाने जवळचं जडजवाहीर विकलं, हे खरं. बंदुका कुठून विकणार? तरीही 'थिबाची' म्हणून आमच्याकडे दाखवल्या जाणाऱ्या बंदुका एका जागी जमवल्या तर मंडाले पुन्हा जिंकता येईल.

बसऱ्याचं प्रकरण जरा नाजूक. पहिल्या महायुद्धात रत्नागिरी जिल्ह्यातून मराठा पलटणींत पुष्कळ माणूस गेलं. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात 103 आणि 110 नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, घोड्याचं मांस खाण्यापर्यंत पाळी आली होती. तेव्हा आजोबा तिकडे गेले होते, यात शंका घ्यायचं कारण नसतं. शंका आहे ती त्यांच्या सामानाबद्दल. पलटणीत रायफल नंबर लिहून हातात देत आणि नंबर बघून परत घेत. ती हरवणं म्हणजे कोर्टमार्शल. वायव्य सरहद्दीवर तर पठाण रात्री तंबूत शिरून रायफली पळवत, म्हणून शिपाई त्या साखळीने अंगाला बांधून झोपत. अशा सैन्यातून घरी येताना माणूस पदक आणू शकत होता, घोंगडी आणू शकत होता, हिवताप तर हमखास आणत होता. रायफल आणलीच असेल तर ती चोरून आणली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. हा अर्थ मी एका ओटीवर बोलून दाखवला. आतून येऊ घातलेला चहा आतच राहिला.

राहता राहिली सत्तावन. हिच्यासाठी तात्यांच्या घरी चला.

तात्या अठ्ठ्याहत्तरीचे. घर गावाबाहेर, मागे कलमांची बाग, पुढे शेणाने सारवलेलं खळं. मी पोचलो तेव्हा बंदूक आधीच भिंतीवरून उतरवून ओटीवर सतरंजीवर ठेवली होती आणि भोवती माणसं बसली होती. मुंबईहून पुतण्या आला होता. तो एरवी गणपतीला आणि आंब्याच्या पेट्या न्यायला येतो. यावेळी दोन्हींचा हंगाम नसताना आला होता, त्यावरूनच प्रकरणाचं गांभीर्य मला कळलं.

"ही सत्तावनची," तात्या म्हणाले. "माझ्या पणजोबांनी गोऱ्याच्या हातातून हिसकावून घेतली."

"कुठे?"

"आता ते कुठे विचारायला तू तेव्हा यायला हवा होतास."

मी घोड्याशेजारच्या लोखंडी पाटीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि जुन्या धोतराच्या तुकड्याने हळूहळू पुसू लागलो. इथे घाई करून चालत नाही. पॉलिशपेपर तर लांबच ठेवायचा. तांबूस-काळ्या थराखालून आधी घोड्यामागे मुकुट वर आला, मुकुटाखाली व्ही.आर. ही अक्षरं, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तात्यांची मान ताठ झाली. मग पुढच्या बाजूला इंग्रजी अक्षरं उमटली : टॉवर.

"टॉवर? तेव्हा कुठले टॉवर? आम्हाला अजून रेंज नाही," काकू आतून म्हणाल्या.

हा टॉवर लंडनचा. तिथल्या किल्ल्यात सरकारी शस्त्रागार होतं आणि बाहेरच्या कारागिरांकडून करवून घेतलेल्या लष्करी बंदुकांवर त्याचं नाव येई. मी पुसत राहिलो. टॉवरच्या वर आकडे आले. एक, आठ, सहा, दोन.

ओटीवर शांतता पसरली. 1862. भिंग सगळ्यांच्या हातातून फिरलं. एकाने सहाचा पाच करून बघितला. तात्यांनी भिंग खाली ठेवलं, पान जुळवलं आणि म्हणाले, "असेल. ऑर्डर सत्तावनला दिली असेल, माल उशिरा आला असेल."

या उत्तरापुढे पुरावा काही करू शकत नाही, पण मी मोबाईलचा दिवा नळीत धरला. रायफल आणि साधी बंदूक यांत फरक एवढाच की रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेम चुकत नाही. तात्यांची नळी आतून साफ गुळगुळीत होती.

"इतके बार काढलेत पणजोबांनी," तात्या म्हणाले, "आटे झिजून गेले."

पणजोबांनी जन्मभर दुसरं काही केलं नसतं तरी ते झिजले नसते. ही करामत पणजोबांची नाही, इंग्रजांची. 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल कंपनीने हिंदी शिपायांसाठी आणली, तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. बंड मोडल्यावर साहेबापुढे प्रश्न पडला : इतक्या लांबून नेम धरणारं हत्यार पुन्हा या लोकांच्या हातात द्यायचं का? द्यावं तर धोका, न द्यावं तर पलटण कसली? साहेबाने मधला मार्ग काढला. बंदूक दिसायला हुबेहूब एनफिल्ड ठेवली, नळीवरच्या तीन कड्या तशाच, पितळेची मढवणूक तशीच. फक्त नळी आतून गुळगुळीत करून टाकली आणि लांबच्या अंतरासाठी वर-खाली करायची मागची पट्टी काढून तिथे एक साधी खाच ठेवली. परेडला रुबाब तोच, पल्ला निम्म्याहून कमी. गोऱ्या शिपायाकडे रायफल आणि शेजारच्या काळ्या शिपायाकडे तिचं सोंग.

ही युक्ती साहेबाला इतकी आवडली की पुढच्या शतकातही त्याने ती वापरली. थ्री नॉट थ्री रायफली पोलिसांना द्यायच्या होत्या तेव्हा बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात कित्येकींचे आटे काढून त्या .410 बोअरच्या केल्या, आणि एका वेळी एकच गोळी भरता यावी म्हणून दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. बाहेरून बघणाऱ्याला शिपाई सशस्त्र दिसे. ठोकळा आत असे.

तेव्हा तात्यांची बंदूक सत्तावनची नव्हती, सत्तावनमुळे झालेली होती. माझ्या मते ही गोष्ट गोऱ्याच्या हातातून हिसकावण्यापेक्षा कितीतरी भारी आहे. एका साम्राज्याला आपल्याच शिपायाची किती धास्ती होती, ते त्या नळीत बोट घालून कळतं. मी हे सगळं रंगवून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे डुप्लिकेट," ते म्हणाले.

"डुप्लिकेट नव्हे हो तात्या, अगदी अस्सल आहे."

"अस्सल डुप्लिकेट," पुतण्याने निकाल दिला.

आता रत्नागिरीकराने डुप्लिकेट हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे आंबा येतो. आमच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या पेटीत बसून वाशीला जातोच. इथला माणूस पेटी उघडण्याआधी नुसत्या वासावर फळाचं गाव सांगेल. देठाशी, सालीशी, रंगाशी त्याची फसगत होत नाही. तोच माणूस बंदुकीवर इंग्रजी अक्षर दिसलं की हात जोडतो. खरं म्हणजे परीक्षा दोन्हींची एकच आहे : पेटीवरचं छापील वाचायचं नाही, माल हुंगायचा.

नकली बंदुकांची वाशी म्हणजे पेशावरच्या दक्षिणेचं दर्रा आदमखेल. तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या साध्या भट्टीवर आणि कानशीवर इंग्रजी रायफलींच्या नकला करत आलेत, आणि काम असं की पहिल्या नजरेला साहेबही फसावा. घात होतो तो अक्षरांत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला एनचा तिरपा दांडा कुठून कुठे जातो याचं सोयरसुतक नसतं, म्हणून तो उलटा पडतो. एनफिल्डचं स्पेलिंग कारागिरागणिक बदलतं. आणि मुकुटाखाली व्ही.आर. ठोकून शेजारी बिनधास्त 1912 साल घालतात. व्हिक्टोरिया 1901 च्या जानेवारीतच वारली होती. अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी असला माल आठवण म्हणून हौसेने घरी नेला. त्यांच्या देशात 1898 पर्यंतची बंदूक 'पुराणवस्तू' म्हणून सहज नेता येई. दुकानदारांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? बाजारातल्या बंदुका भराभर म्हाताऱ्या होऊ लागल्या.

आमच्याकडे या धंद्याची बारकी शाखा 'कंपनी' नावावर चालते. ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून रामदरबार कोरलेली तांब्याची नाणी खिशात घेऊन फिरणारे, 'हे तांदूळ ओढतं' म्हणून लाखांची बोली करणारे महाभाग वाचकांनी पाहिले असतील. बंदुकीतही कंपनीचा शिक्का म्हटला की भाव चढतो. कंपनीच्या बंदुकांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह असे; त्याआधी चार भाग केलेलं बदामी चिन्ह असे. पण 1858 साली कंपनीचा कारभार राणीकडे गेला. तेव्हा सिंह आणि खाली 1870 साल अशी बंदूक कुणी दाखवली तर सिंहाला नमस्कार करून घरी यावं.

तात्यांकडे मात्र सिंहही नव्हता आणि भानगडही नव्हती. पुतण्याला त्यात रस राहिला नव्हता. त्याने मोबाईल पुढे केला. अमेरिकेत अशाच बंदुकीची किंमत हजारभर डॉलर लावलेली होती. त्याने तिथल्या तिथे रुपयांत गुणाकार केला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काकू पहिल्यांदाच बाहेर येऊन बसल्या.

किंमत ठरवणं हे फार निर्दय काम आहे, कारण त्यात घरच्यांनी प्रेमाने केलेली प्रत्येक गोष्ट वजा होत जाते. एनफिल्डचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असायला हवा. तात्यांचा पिवळसर दिसला, नख लावून बघितलं तर फणस. "पहिला वाळवीने खाल्ला, म्हणून वडिलांनी आपल्याच झाडाचा करून घेतला. साठ वर्षं हलला नाही," तात्या कौतुकाने म्हणाले. तिथे किंमत निम्मी झाली. मधली कडी तुटली म्हणून तांब्याची तार गुंडाळली होती, आणखी खाली. खटक्यातला एक स्क्रू चक्क सायकलचा होता. पण खरा घाव पुढेच होता. या बंदुकीच्या दस्त्याच्या टोकाला पितळेची जाड पट्टी असते आणि पलटणीचं नाव, हत्याराचा नंबर बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. एवढं वाचता आलं असतं तर ही कुठल्या पलटणीतून आली, कुठल्या छावणीत होती, हे शोधता आलं असतं. तात्यांच्या पणजोबांची सगळी कथा एका ओळीत उलगडली असती. मी बंदूक उलटी केली. पट्टी आरशासारखी लखलखत होती.

"दर खंडेनवमीला चिंच लावून घासते," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाईही घासायच्या. त्यांच्या सासूबाईसुद्धा."

भिंगाखाली एका अक्षराचं अर्धं पोट तेवढं शिल्लक होतं. तीन पिढ्यांच्या भक्तीने इतिहास घासून काढला होता आणि त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण चहा नुकताच आला होता.

पुतण्याने हट्ट सोडला नाही. कितीही वजा केलं तरी डॉलरच ते. त्याला मग मी नेपाळची हकीकत सांगितली. काठमांडूच्या लगन सिलेखाना नावाच्या जुन्या राजवाड्यात नेपाळ दरबाराने दीडशे वर्षांच्या जुन्या बंदुका थप्प्या लावून ठेवल्या होत्या. 2003 च्या सुमारास अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी त्या हजारोंनी, टनांच्या हिशेबात उचलल्या आणि तिकडच्या बाजारात ओतल्या. तेव्हापासून ब्राउन बेस काय, एनफिल्ड काय, तिकडे ढिगाने मिळतात, आणि त्यांना फणसाचे दस्ते नाहीत. शिवाय तात्यांची बंदूक तिकडे जाणार कशी? शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. आणि इथेच विकावी तर घेणाऱ्याकडे लायसन हवं. ज्याला लायसन मिळतं तो नवी बारा बोअर घेतो. तो फणसाची एनफिल्ड घेईल तर त्याच्या घरचे लोक आधी त्याची किंमत करतील.

थोडक्यात, बंदूक अस्सल, साल पक्कं, गोष्ट भारी आणि बाजारभाव शून्य. पुतण्या त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला.

पण तात्या नशीबवान, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांच्याकडे निदान लायसन आहे. ज्यांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी असतं, त्यांचा प्रश्न अस्सलपणाच्या पुढे जातो. समजा, बसऱ्याच्या आजोबांची वस्तू खरोखरच थ्री नॉट थ्री निघाली. दस्त्याच्या मानेवर उजव्या बाजूला मुकुट, खाली जी.आर.आय., इशापूर, साल, सगळं जागच्या जागी. खटका, नळी, नेम यांवरचे नंबर एकमेकांशी जुळताहेत. लंडनचा संग्राहक असता तर आनंदाने नाचला असता, कारण जुळते नंबर म्हणजे कारखान्यातून निघालेली जोडी अजून मोडलेली नाही. इथे जितके नंबर जुळतील तितकं घरमालकाचं तोंड उतरतं. हा लष्करी बोअर सामान्य माणसाला बाळगता येत नाही. ही बंदी इंग्रजांच्या काळापासूनची. सैन्याचंच काडतूस लोकांच्या बंदुकीत बसलं तर उद्या बंडाला दारूगोळा आयता मिळेल, ही भीती. त्याच भीतीने 1907 साली .450 बोअरही हिंदुस्थानात बंद केला, तेव्हा वाघ मारायला येणाऱ्या साहेबांसाठी विलायतेतल्या बंदूकवाल्यांना .470 आणि तसलेच वेगळे बोअर काढावे लागले. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, बंदी तशीच राहिली. आपल्या इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .315 ची रायफल काढली ती म्हणूनच.

त्यामुळे अशा घरी माझी परीक्षा उलटी चालते. एरवी लोक 'अस्सल आहे ना?' असं आशेने विचारतात, इथे 'नकली असेल हो ना?' असं केविलवाणं विचारतात. एन उलटा निघावा म्हणून देवाला नारळ बोलतात. खरी निघाली तर गुन्हा, खोटी निघाली तरी आजोबांची अब्रू. आणि चालत असली तर खोटीसुद्धा गुन्ह्यातच.

कायद्यात एक पळवाट आहे, नाही असं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 म्हणतं की जुनाट बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाचायला सोपं वाटतं. पण 'दुरुस्त करूनही चालणार नाही' हे कोकणात सिद्ध कोण करणार? जिथे पाण्याचा पंप, कल्टिवेटर आणि देवळाचं घड्याळ एकच माणूस एकाच पान्याने चालू करून देतो, तिथे अमुक एक वस्तू कधीच चालू होणार नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गंमत अशी की जी बंदूक जगाने संग्रहालयात ठेवली तिला आमच्या कायद्याने अजून नोकरीवर ठेवलं आहे. तोंडातून दारू आणि छरे ठासायची, घोड्याखाली टोपी बसवून उडवायची बंदूक शेतीच्या संरक्षणासाठी बाळगायला लायसन देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तात्यांचं लायसन तेच. 1862 ची बंदूक रानडुकरांवर तैनात आहे. वानरांना मारायचं नसतं, त्यांच्यासाठी नुसता हवेत बार. वानरंही आता दुसऱ्या बारापर्यंत जागची हलत नाहीत. ठासायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत झालंय.

आणि निवडणूक लागली की ही सशस्त्र सेना ठाण्यात जमा. लोकसभेचं मतदान आमच्याकडे 2019 मध्ये 23 एप्रिलला झालं, 2024 मध्ये 7 मेला. हापूस झाडावर, वानर झाडावर, बंदूक ठाण्यात. तात्यांच्या बंदुकीने लोकशाहीला काय धोका होता हे मला अजून उमगलेलं नाही. ती भरून होईपर्यंत मतमोजणी आटोपली असती. 2019 च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता होती आणि दसरा 8 तारखेला आला. आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि शस्त्र जागेवर नाही. काकूंनी पाटावर ठाण्यातली पावती ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल घातलं. पितळ त्या वर्षी घासायचं राहिलं. त्या अर्ध्या अक्षराचं आयुष्य एका वर्षाने वाढलं असेल.

राहिला वारसांचा प्रश्न. तात्यांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की त्यांतली निम्मी वारली आणि उरलेली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. जमीन अशी सामायिक पडून राहू शकते, बंदूक नाही. लायसन एकाच्या नावावर लागतं, आणि ते एका वारसाकडे न्यायचं तर बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र हवं. 2016 च्या शस्त्र नियमांत धारकाची सत्तरी उलटली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं तर हयातीतच वारसाचं नाव पुढे करायची सोय केली आहे. तात्या दोन्ही अटींत बसतात. त्यांनी विचारून बघितलं. ज्या दिवशी बाजारभाव शून्य असल्याचं सगळ्या भावकीला कळलं त्या दिवशी ना हरकत पत्रं आपण होऊन आली. पुतण्याचं तर डोंबिवलीहून स्पीड पोस्टने आलं. मी केलेल्या मूल्यांकनाचा एवढा तडकाफडकी उपयोग दुसरीकडे कुठे झालेला नाही.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर तिला चिंच, रांगोळी, वीटकर, पॉलिशपेपर यांपैकी काही लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि पितळेवर काही कोरलेलं असेल तर आजच त्याचा फोटो काढा. लायसन नसेल तर मला बोलावू नका, वकिलाला विचारून ठाण्यात जा. आणि ठासणीची असेल तर कुणाला दाखवण्याआधी एक काम करा. तोंड माणसांपासून लांब धरून, तोंडासमोर आपलाही हात न आणता गज नळीत हळूच तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, मग खूण तोंडाशीच ठेवून तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. गजाचं टोक घोड्याखालच्या टोपीच्या जागेपर्यंत पोचायला चार बोटं कमी पडली तर आजोबांचा शेवटचा बार अजून आत आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही उडते. मग बंदूक होती तिथे ठेवा, पोरांना बाहेर काढा आणि ठाण्यात फोन करा.